खोकी थोरल्याला, पण एका अटीवर

मी, खाली सही करणारी, वजने-मापे खात्यातील निवृत्त निरीक्षक, खेळाच्या सामानाच्या दुकानदाराची विधवा, एका मुलाची आणि एका मुलीची आई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते ते असे. अशा कागदावर ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ असे लिहायची रीत आहे. अक्कल शाबूत आहे. समोरच्या नर्सबाईंनी काल रक्तदाब पाहिला आणि खात्री म्हणून वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचायला लावला. वाचता वाचता मी त्यातल्या चुकाही सांगितल्या. राजी मी आहे. खूश नाही. ज्या घरात माणसांपेक्षा खोक्यांची बडदास्त जास्त ठेवली गेली, त्या घराची वाटणी करायला बसलेल्या बाईने खूश असावे असे काही घडलेले नाही.

वकीलबाईंनी आधी एक छापील मसुदा आणला होता. त्यात माझ्या घराला इतक्या वेळा ‘सदरहू मिळकत’ म्हटले होते की ती कोणाची हे शेवटी मलाच कळेना. तो मसुदा रद्द समजावा. या कागदाची अंमलबजावणी मात्र वकीलबाईंनीच करायची आहे. त्या वेळेवर येतात आणि चहाला नाही म्हणत नाहीत, एवढे मला पुरे.

कलम पहिले : घर

मी राहते ते घर माझ्या पगारातून घेतलेले आहे. ते संपूर्णपणे माझ्या मुलीला, म्हणजे धाकटीला, द्यावे.

थोरला काही बोलणार नाही, पण त्याचे सासरे बोलतील. त्यांच्यासाठी कारण लिहिते. धाकटी दातांचे साचे आणि कवळ्या बनवते. तिला लागते एक कोरडी, थंड, धूळ नसलेली खोली. अशी खोली या घरात एकच आहे, मागची. आणि तिथे ती लहान होती तेव्हापासून खोकी राहतात. मुलगी आधी घरातल्या बोळात झोपली, मग बैठकीत, आणि तिचा धंदा चालतो माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर. खिडकीत सुकत ठेवलेल्या प्लास्टरच्या जबड्यांकडे पाहत मी गेली कित्येक वर्षे भाजी चिरते आहे. एकदा पाहुण्यांनी साखरेचा डबा समजून दुसराच डबा उघडला, आणि त्यानंतर ते पाहुणे आलेले नाहीत. मागची खोली रिकामी करून तिला मिळालीच पाहिजे. या कलमात कोणी पोटकलम घुसवू नये.

कलम दुसरे : बँकेतली शिल्लक

दोघांना निम्मी निम्मी. यावर लिहिण्यासारखे काही नाही. भांडण्यासारखे त्याहून नाही.

कलम तिसरे : हत्यारे आणि वस्तू

निवृत्तीच्या वेळी खात्याने दिलेली पितळी वजनांची पेटी धाकटीला. ती वजने उघड्या हाताने धरायची नाहीत. घामाने पितळ खाल्ले जाते आणि वजन खोटे होते. हे तिला ठाऊक आहे, तरी लिहिते.

ह्यांचे रॅकेटच्या जाळ्या विणायचे यंत्र गावातल्या खेळाच्या मैदानावरच्या शिक्षकांना द्यावे. ह्यांच्यासारखी ताणून जाळी विणणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. तेवढेच काम ते मन लावून करत राहिले असते तर हे मृत्युपत्र एका पानात संपले असते.

शिवणयंत्र नर्सबाईंना द्यायचे मनात होते. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, म्हणून ते कालच उचलून त्यांच्या घरी पोचवले. त्या म्हणाल्या, “अहो, एवढी घाई कशाला?” मी म्हटले, “सही तुमची उद्या हवी आहे, म्हणून.”

कलम चौथे : भाऊजी

माझ्या धाकट्या दिरांना, म्हणजे भाऊजींना, हवेतला ओलावा शोषणारे यंत्र द्यावे. ते खोक्यांसाठीच घेतलेले आहे. ते रात्रंदिवस घुरघुरते, त्यात साचलेले पाणी दुसऱ्यांनी उपसावे लागते, आणि मध्येच ते आपोआप बंद पडते. दोघांचे जमेल.

खोक्यांचे खूळ या घरात भाऊजींनी आणले. स्वतःची खोकी त्यांनी भाव बरा असताना गुपचूप विकली, आणि त्याच संध्याकाळी माझ्या ओसरीवर बसून ह्यांना सांगितले, “दादा, काही झालं तरी हात लावू नकोस. ही खोकी म्हणजे सोनं आहे.” मी राग धरलेला नाही. यंत्र दिले आहे.

कलम पाचवे : खोकी

खोकी म्हणजे काय, हे वकीलबाईंनाही समजावून सांगावे लागले होते. म्हणून इथेही लिहिते.

आमचे दुकान नवे होते तेव्हा मेणकागदाच्या छोट्या पाकिटांत च्युइंगमची एक पट्टी आणि फुटबॉल खेळाडूंची काही चित्रे, म्हणजे कार्डे, मिळत. अशी पाकिटे पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून, खोक्याला पातळ प्लास्टिक लावून कारखान्यातून येत. मुले पाकीट घेत, च्युइंगम तोंडात टाकत आणि कार्डांवरून मारामाऱ्या करत. हंगाम संपला की न खपलेली खोकी ह्यांनी वरच्या फळीवर टाकलेली असत.

पुढे भाऊजी बातमी घेऊन आले की अशा जुन्या कार्डांना लोक पैसे मोजतात, आणि न उघडलेल्या खोक्याला तर त्याहून जास्त. कारण आत एखाद्या गाजलेल्या खेळाडूचे पहिलेवहिले कार्ड असू शकते. असेल, किंवा नसेल. उघडले की नसेल ते कळते आणि भाव जातो. म्हणजे भाव आहे तो न कळण्यालाच.

माझी नोकरी नेमकी याच्या उलट होती. बिस्किटे, साबण, खिळे, चहा; कारखान्याच्या गोदामात जायचे, ढिगातले कुठलेही पाकीट उचलायचे, टराटरा फाडायचे, आतला माल तोलायचा आणि वरच्या छापील आकड्याशी ताडून पाहायचा. बंद पाकिटावर विश्वास ठेवण्यासाठी मला कोणी पगार देत नव्हते. अशा बाईच्या घरात एक खोली भरून बंद खोकी. नशिबाला विनोद कळत नाही असे म्हणायची सोय नाही.

ह्यांनी खोकी विकायचे थांबवले. उलट दुसऱ्या दुकानदारांकडून आणू लागले.

“अहो, दुकान विकण्यासाठी असतं,” मी म्हटले.

“हे विकायचं नाही. ठेवायचं.”

“कुठपर्यंत?”

“भाव येईपर्यंत.”

“आणि भाव आला की?”

“मग तर मुळीच नाही. वाढतोय म्हणजे अजून वाढेल.”

मी पदवीपर्यंत गणित शिकलेली आहे. या गणिताला कुठे हात घालावा हे मला कळले नाही, म्हणून मी कपडे वाळत घालायला निघून गेले.

मागच्या खोलीला जाड पडदे लागले. भिंतीवर तापमापक लागला. ओल्या केसांनी मी त्या खोलीत जायचे नाही, असा नियम निघाला. थोरला बापाच्या मांडीवर वाढला तसा या खोक्यांवरही वाढला. शाळेतून आला की आधी तापमापक पाहायचा. मोठेपणी विम्याच्या कचेरीत लागला, तिथल्या मित्रांना सांगत सुटला की आमच्या बाबांकडे जे आहे ते या शहरात कोणाकडे नाही. बापाचा अभिमान त्याला मूळचाच होता. खोक्यांमुळे तो दाखवायची सोय झाली.

आता मुख्य मुद्दा.

एका वर्षी मागच्या भिंतीला ओल आली. खोक्यांवरचे कारखान्यातले प्लास्टिक पिवळे पडून आधीच तडकले होते, काही खोक्यांवरून लोंबत होते. दुकानात रॅकेटच्या खोक्यांसाठी एक यंत्र होते. नवे प्लास्टिक गुंडाळायचे आणि गरम हवा मारायची की ते आक्रसून घट्ट बसते. ह्यांनी एकेका खोक्याचे जुने प्लास्टिक सोलून काढले आणि नवे चढवले. मी समोर बसून टोके धरत होते. एकाही खोक्याचे झाकण वर झाले नाही. आतल्या पाकिटाला बोट लागले नाही.

“ते जुनं प्लास्टिक ठेवा बाजूला,” मी म्हटले. “उद्या कोणी विचारलं तर पुरावा होईल.”

“कचरा कशाला साठवायचा?”

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात साधा पुठ्ठा टाकला नाही, त्याने तेवढे मात्र फेकून दिले.

पुढे जुन्या कार्डांच्या वार्षिक प्रदर्शनाला ह्यांनी खोकी नेली. थोरला गाडी घेऊन आला होता. त्याने कचेरीतले मित्रही बोलावले होते. तिथे एक तज्ज्ञ बसतो. तो भिंगातून खोके निरखतो आणि खरे ठरले तर आपल्या शिक्क्याचे आवरण चढवून देतो. ते नसेल तर कोणी विचारत नाही. सगळे त्याला भिंगवाला म्हणतात. भिंगवाल्याने पहिले खोके फिरवले, भिंग खाली ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, “हे पुन्हा बांधलंय.”

“प्लास्टिक बदललंय फक्त,” हे म्हणाले. “ओल आली होती.”

“सगळ्यांच्याच घरी ओल येते, काका. चांगली कार्डं काढून झाली की.”

लोक हसले. मी भिंगवाल्याला म्हटले, “आतलं एक पाकीट पाहा. मेणकागद एकदा चिकटवला तर शिवणीवर एक रेघ उमटते. उघडून पुन्हा चिकटवला तर दोन. नखाला लागतात.”

“आत पाहणं आमच्या कामात येत नाही, बाई. आम्ही खोकं बंद आहे की नाही ते पाहतो.”

खोके बंद आहे हे मलाही दिसत होते. त्यासाठी भिंग लागत नाही.

परतताना थोरला गाडी चालवत होता, हे त्याच्या शेजारी, मी मागे. एका चौकात गाडी थांबली तेव्हा त्याने समोर पाहतच विचारले, “बाबा, एकदाच विचारतो. आतली कार्डं काढलीत का?”

ह्यांनी काच खाली केली. मग म्हणाले, “सिग्नल सुटलाय.”

बस. एवढेच. थोरल्याने त्याचा अर्थ लावला तो लावला. मी घरी येऊन सांगितले की मी समोर होते, टोके मी धरली होती, एकही खोके उघडलेले नाही. तर म्हणतो, “आई, तू त्यांची बायको आहेस.” माझ्या एका शब्दावर न्यायालयांनी बड्या बड्या कारखानदारांना दंड केले. पोटच्या मुलाने माझी साक्ष नात्याच्या कारणावरून फेटाळली.

त्यानंतर बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. थोरला यायचा, स्वयंपाकघरात बसायचा आणि म्हणायचा, “बाबांना सांग, डॉक्टरांची वेळ घेतलीय.” बाहेरून हे म्हणायचे, “त्याला सांग, ऐकू आलं.” मधे फक्त एक दार, तेही उघडे. मी काय टपालखाते होते?

ह्यांना मी शंभरदा म्हटले असेल, एक खोके फोडा आणि टाका त्याच्यासमोर. तर म्हणाले, “बापाने मुलाला पुरावा द्यायचा? त्याने विचारलंच कसं?” मुलाला म्हटले, पुन्हा विचार, नीट विचार. तर म्हणाला, “खरं असतं तर तेव्हाच नाही म्हणाले असते.” बाप शेर तर मुलगा सव्वाशेर, आणि तोलायला मी. ह्यांच्या शेवटच्या आजारात थोरल्याने सगळे केले. औषधे आणली, अंग पुसले, रात्री उशाशी बसला. तोंड मात्र उघडले नाही. ह्यांनीही नाही. त्या दोघांपेक्षा खोकी बरी. ती निदान पुठ्ठ्याची आहेत.

म्हणून ठरवते ते असे.

सर्व खोकी थोरल्याला द्यावीत. अट एकच. त्यातले एकही खोके विकण्याआधी, कोणाला देण्याआधी किंवा फेकण्याआधी, त्याने स्वतःच्या पसंतीचे एक खोके स्वतःच्या हाताने, धाकटी आणि वकीलबाईंच्या समोर उघडावे, आणि प्रत्येक पाकिटाच्या शिवणीवरून नख फिरवावे. दोन रेघा लागल्या तर बाप लबाड होता आणि आई खोटारडी. मग खोक्यांचे त्याला हवे ते करावे. एक रेघ लागली तर पुढच्या प्रदर्शनात जाऊन, जिथे लोक हसले तिथे, भिंगवाल्यासमोर आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे त्याने सांगावे की माझ्या बापाने हात लावला नव्हता. उघडल्याने त्या खोक्याचा भाव जाईल. जाऊ दे.

मीच का उघडले नाही, असे कोणी विचारेल. मला काय आहे ते माहीत आहे. ज्याला माहीत नाही त्याने उघडायचे.

माझ्या पश्चात एक वर्षात त्याने हे केले नाही, तर सर्व खोकी धाकटीची. तिने त्यांतले च्युइंगम काढून टाकावे आणि पाकिटे शाळेबाहेर मुलांना छापील किमतीला विकावीत. छापील किमतीहून जास्त घेणे माझ्या खात्यात गुन्हा होता. माझ्या वारसांनी तो करू नये.

पाचव्या कलमाला जोड

इथवर लिहून झाले होते. आज सकाळी नर्सबाई आणि कोपऱ्यावरचे कुलूपवाले सहीसाठी येऊन बसले होते, वकीलबाई चष्मा पुसत होत्या, तेवढ्यात थोरला ओट्यावरचा दिवा बदलायला आला. इतकी माणसे पाहून म्हणाला, “कोणाचं काय झालं?”

“अजून नाही,” मी म्हटले. “बस. वाच.”

त्याने उभ्यानेच वाचले. पाचव्या कलमाशी खाली बसला. मग उठून मागच्या खोलीत गेला आणि एक खोके घेऊन आला. धाकटी प्लास्टरने माखलेल्या हातांनी दारात उभी राहिली.

“उघडायला अडचण असेल तर माझ्याकडे हत्यारं आहेत,” कुलूपवाले म्हणाले.

“तुम्ही चहा घ्या,” नर्सबाई म्हणाल्या.

थोरल्याने खोक्याच्या कडेला नख लावले आणि तसाच राहिला. मी म्हटले, “उघड. वकील आहेत, साक्षीदार आहेत, बहीण आहे. माझ्या मरणाची वाट कशाला पाहतोस?”

“नको, आई.”

“लबाड निघतील म्हणून घाबरतोस?”

“त्याची सवय झालीय मला.” त्याने नख काढून घेतले. “खरे निघाले तर मी काय करू? मी त्यांचं अंग पुसत होतो ना, तेव्हा ते माझ्याकडे बघत होते. मी टॉवेलकडे बघत होतो.”

धाकटी म्हणाली, “दादा, खरे निघाले तर रडशील. माणसं रडतात. पण माझी खोली मोकळी कर.”

मी निरीक्षक होते तेव्हा गोदामात माल फाडण्याआधी मालकाच्या तोंडाकडे पाहायचे. ज्याला निकाल आधीच माहीत असतो तो कसा दिसतो, हे मला कळते. बाप खरा होता हे थोरल्याला माहीत आहे. बहुधा त्या चौकातच माहीत झाले होते, आणि त्यानंतर माघार घ्यायला जागा सापडली नाही. एवढी साधी गोष्ट सांगायला याला माझे मृत्युपत्र लागले. बापावर गेला आहे.

म्हणून फेरफार करते तो असा. ‘एक वर्षात’ हे शब्द आणि त्यापुढचा धाकटीचा हक्क मी खोडला आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे. अट कायम. मुदत नाही. खोली रिकामी करायला मात्र मुदत आहे, आणि ती या महिनाअखेरीची. दातांची कामे थांबत नाहीत. खोकी थोरल्याने स्वतःच्या घरी न्यावीत आणि त्यांच्याबरोबर राहून पाहावे. ओलीची काळजी त्याने करावी. ओलावा शोषणारे यंत्र हवे असल्यास भाऊजींकडे मागावे. मी मधे पडणार नाही.

माझ्यामागे भाषणे नकोत. घरातले कोणी कोणाशी अबोला धरून माझ्या खोलीत उभे राहणार असेल, तर त्याने बाहेर थांबावे.

हे सर्व मी वाचून पाहिले आहे. जे लिहिले ते माझेच आहे, आणि त्यात कोणी भर घातलेली नाही. शेवटची ओळ सोडून. ती थोरल्याने हट्टाने लिहिली आहे. कायद्याने तिला काही अर्थ नाही, असे वकीलबाई म्हणतात. ती खोडायची नाही.

सही : निवृत्त निरीक्षक, वजने-मापे खाते

साक्षीदार : समोरच्या घरातील निवृत्त नर्सबाई. लिहिणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर सही केली. हात कापत नव्हता.

साक्षीदार : कोपऱ्यावरील कुलूपवाले. मीही पाहिले.

स्थळ : राहते घर, स्वयंपाकघर. दिनांक : ९ फेब्रुवारी २०२३

वाचले. उघडीन. तोवर तू राहा.
— मुलगा